नियम कुणी वाकवायचा?

(प्रस्तावना)

पुणे–सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला पाटस ठाऊक असतं ते टोलनाक्यामुळे, नाहीतर बारामतीकडे वळायचा फाटा म्हणून. पण वर्षभर इथे राहून पाहिलं तर या एवढ्याशा टापूत किती तऱ्हेची माणसं येतात, राहतात आणि निघून जातात, ते लक्षात येतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, आष्टी, पाटोदा, जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, शिरूरकडे न्हावऱ्याचा घोडगंगा. कारखाने कधी चालतात, कधी बंद पडतात, पण रानात ऊस उभा आहे तोवर तोडणारे हात येतच राहतात. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले गुळवे असतात. कुरकुंभच्या आणि रांजणगावच्या एमआयडीसीत बिहार-ओडिशाकडची पोरं भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. दौंड जंक्शनच्या रेल्वे वसाहतींनी पिढ्यान्‌पिढ्या नाना भाषा ऐकल्या आहेत. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत लावणीवर घर चालवणाऱ्या बायका आहेत, माळावर पारध्यांची पालं आहेत, रस्त्याकडेला वडार, वैदू, कैकाडी आहेत, रानात मेंढरं बसवून धनगरांचे वाडे आहेत. आणि ज्येष्ठ सरता सरता तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसवरून रोटी घाट चढते, तेव्हा या गर्दीत सगळा महाराष्ट्र मिसळतो.

या सगळ्यांसाठी कुणी ना कुणी काम करतंच आहे. आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, शिक्षक आहेत, एमएसडब्ल्यू करून संस्थेत लागलेली तरुण मुलं-मुली आहेत, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून येणारे प्रकल्प आहेत. योजनांना तोटा नाही. तरीही यातलं बरंचसं काम ज्यांच्यासाठी आखलं त्यांच्या अंगाला लागत नाही. असं का होतं, याचं ठरलेलं उत्तर ‘लोकांना जाणीव नाही’ हे असतं. हे उत्तर उलटून पाहावं, हा या पुस्तकाचा हेतू आहे. वेगवेगळ्या समाजगटांसोबत काम करताना त्यांच्या संस्कृतीचं भान ठेवावं, हे आता सगळेच म्हणतात. प्रश्न एवढाच की हे भान ठेवायचं कुठे? कार्यकर्त्याच्या बोलण्या-वागण्यात, की संस्थेच्या नियमांत, वेळापत्रकात आणि फॉर्ममध्येही? माझ्या मते खरी परीक्षा नियमातच होते. दोन जगं समोरासमोर आली की कुणाला तरी वाकावं लागतं. आजवर बहुतेक वेळा वाकायची पाळी गरजवंतावर आली.

एक साधं उदाहरण घेऊ. ऊसतोडीतल्या बाईचा दिवस पहाटे चारच्या आधी सुरू होतो. कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, तीन दगडांची चूल, भाकऱ्या, पाणी. उजाडायच्या आत फडावर. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडी भरायची वेळ कारखान्याच्या सोयीची. ती रात्रीही येते. दोघं मिळून एक कोयता. एकाने दिवस मोडला की खाडा, आणि खाडा म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत तेवढी भर. आता या बाईसाठी आरोग्य शिबिर ठेवायचं तर कधी ठेवाल? बहुतेक शिबिरं सकाळी अकरा ते दुपारी दोन असतात, कारण डॉक्टरांना, पाहुण्यांना आणि फोटोला तीच वेळ बरी पडते. कोप्यांवर त्या वेळी म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी सापडतात. संध्याकाळी अहवालात लिहिलं जातं : प्रतिसाद अल्प. त्या बाईची रीत, तिची भाषा, तिचे सण यांची कितीही माहिती गोळा केली तरी शिबिराची वेळ बदलल्याखेरीज त्या माहितीचा तिला उपयोग नाही.

म्हणूनच संस्कृती हा शब्द या पुस्तकात जरा ऐसपैस वापरला आहे. पोशाख, गाणी, देव, लग्नाच्या चाली एवढ्यापुरता तो नाही. माणसं पोट कशी भरतात, वर्ष कोणत्या महिन्यापासून मोजतात, कुणाच्या शब्दाला मान देतात, कोणत्या दारात पाय ठेवायला बिचकतात, कुणाला आपलं खरं नाव सांगतात, हे सगळं त्यात येतं.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पाटसहून पुण्याकडे निघालं की कडेठाणनंतरचं स्टेशन केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन इथलं. समाजकार्य आणि संस्कृती यांचा झगडा समजून घ्यायला याच्याइतकं जवळचं आणि अवघड उदाहरण नाही. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्यात आणलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पैसा अमेरिकेतल्या मंडळींचा, आणि राहायला येणाऱ्या उच्चवर्णीय हिंदू विधवा. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असं ठरलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. हे त्या काळच्या मानाने मोठंच भान होतं. पण रमाबाई प्रार्थना करत तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं असे आणि मुली त्यात येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

दोन्ही बाजूंचं म्हणणं आजही ऐकण्यासारखं आहे. आधार देणाऱ्याच्या श्रद्धेचा निराधारावर दबाव येतोच, तो न बोलताही येतो, हा आक्षेप खोटा नाही. आणि ज्या समाजाने या मुलींना केशवपन करून कोपऱ्यात बसवलं, त्याच समाजाच्या आचारांची राखण सदनाने का करावी, हा रमाबाईंच्या बाजूचा प्रश्नही खोटा नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला जमीन घेऊन मुक्ती उभं केलं, १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलींचीही भर पडली. आता विधवा, परित्यक्ता, अंध, अनाथ, सगळ्या जातींच्या मुली एका छपराखाली आल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई, छापखाना बायकाच चालवत. संस्था आता उघडपणे ख्रिस्ती होती. शारदा सदन आणि मुक्ती सदन ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर या विषयातले निम्मे पेच हाती लागतात.

रमाबाईंच्या मागे-पुढे महाराष्ट्रात सुधारणेची मोठी परंपरा आहे. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि पुढे ते स्वतः पुण्यात अस्पृश्य वस्तीत राहायला गेले. गोखल्यांची भारत सेवक समाज ही संस्था १९०५ ची, पुण्याचं सेवासदन १९०९ चं. यात दोन धारा स्पष्ट दिसतात. एक धारा ‘त्यांना आपल्यासारखं करू’ म्हणणारी : स्वच्छता, शिक्षण, सदाचार शिकवणारी. दुसरी ‘अन्यायाची व्यवस्था मोडू’ म्हणणारी. पहिलीत कळकळ होती, पण ‘आपल्यासारखं’ म्हणजे कुणासारखं, हा प्रश्न तिला फारसा पडला नाही.

याच काळात सरकारी पातळीवर सुधारणेचा एक भयंकर प्रयोग चालू होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट त्यातली प्रसिद्ध. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली. हे ‘कल्याणा’च्या भाषेतच चाललं होतं. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची मुलं अशीच सरकारी आणि धर्मादाय संस्थांनी उचलून नेली; त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. आपल्याकडे कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची सवय राहिली. दौंड-शिरूरकडे कुठे चोरी झाली की पहिली झडती पालावर होते. पारधी बाई अनोळखी माणसाला आपलं नाव वेगळं सांगते, तेव्हा तिला खोटारडी म्हणण्याआधी हा सगळा इतिहास आठवावा. नाव लपवणं ही तिच्या घरात तीन-चार पिढ्या जगायला उपयोगी पडलेली गोष्ट आहे.

समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे, ही कल्पना पश्चिमेतून आली. लंडनचं टॉयन्बी हॉल १८८४ चं, शिकागोत जेन ॲडम्स यांनी काढलेलं हल हाऊस १८८९ चं, म्हणजे शारदा सदनाच्याच वर्षीचं. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ लिहून केसवर्कची शिस्त बसवली. मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली आली. या शिक्षणाने कामाला नोंदी, गोपनीयता, व्यक्तीचा आदर अशा चांगल्या सवयी लावल्या. मात्र अभ्यासक्रम अमेरिकेतला होता. त्यात एकटी व्यक्ती खुर्चीत बसून आपली अडचण समुपदेशकाला सांगते. आपल्याकडे बाई येते ती सासू, जाऊ आणि दोन लेकरांसह, आणि अडचण सांगते ती धाकटीचं नाव पुढे करून. जात नावाची गोष्ट तर त्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नव्हतीच. टाटा संस्थेत पुढे दलित आणि आदिवासी समाजकार्याचा वेगळा अभ्यासक्रम झाला, तो ही उणीव ओळखूनच.

महाराष्ट्रातलं सर्वांत मोलाचं काम मात्र वर्गाबाहेर झालं. १९७० मध्ये मेबल आणि रजनीकांत आरोळे जामखेडला आले. गावाच्या आरोग्याची जबाबदारी त्यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांवर टाकली, त्यात दलित बायका होत्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या हातून बाळंतपणं होऊ लागली. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ या मोहिमेने १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास थेट पाणवठ्यावरच जातीला हात घातला. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ पासून काम मांडलं, तेव्हा आदिवासींनाच विचारलं की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, असं उत्तर आलं. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. या तिन्ही ठिकाणी बदलली ती संस्था, म्हणून मी त्यांच्याकडे नमुना म्हणून पाहतो. जामखेडने ‘आरोग्यसेवक कोण’ याची व्याख्या बदलली, गडचिरोलीने दवाखान्याची. आढावांनी तर गावालाच वाकवलं.

आणि मग ज्यांच्याविषयी बोललं जात होतं, ते स्वतः बोलू लागले. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं, किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ चं. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने ही पुस्तकं साहित्य म्हणून वाचावीतच, पण केस रिपोर्ट लिहायला बसण्याआधीही वाचावीत. काळ्यांनी आईचं नाव मधे लावलं. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव विचारणारा एक रकाना लावणी कलावंतिणीच्या मुलाला किती छळतो, हे त्यांच्यामुळे मराठी वाचकाला कळलं. चौफुल्याच्या कलाकेंद्रांतली किती मुलं याच रकान्यापाशी अडली असतील! १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्याने बंधनकारक केलं. उशिरा का होईना, फॉर्म वाकला.

जगात इतरत्र हाच विचार वेगवेगळ्या नावांनी पुढे गेला. न्यूझीलंडमध्ये १९८८ च्या एका अहवालात माओरी लोकांनी समाजकल्याण खात्याला सुनावलं की तुमची पद्धतच आमच्या कुटुंबांना मोडते. पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि मुलाविषयीचा निर्णय अधिकाऱ्याने एकट्याने न घेता नातलगांच्या बैठकीत घ्यायची पद्धत आली. अमेरिकेत आधी ‘सांस्कृतिक क्षमता’ ही कल्पना रुजली : प्रत्येक समाजाची माहिती घ्या, कौशल्य मिळवा. १९९८ मध्ये मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवलं. दुसऱ्याची संस्कृती अभ्यासून ‘पास’ होता येत नाही, म्हणून नम्रता हवी, सतत शिकणं हवं आणि आपल्या हातातल्या सत्तेचा हिशेब हवा, असं त्यांनी मांडलं. ‘पारधी असे असतात, वंजारी तसे असतात’ अशी टिपणं काढून प्रशिक्षणात वाटणाऱ्या आपल्या संस्थांनी हे मनावर घ्यायला हवं. अशा टिपणांतून पूर्वग्रहच नव्या कागदावर उतरतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा ‘त्यांच्यात तसंच चालतं’ हे वाक्य. ऊसतोड कुटुंबांत मुलींची लग्नं लवकर होतात, याला रूढी म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण सहा महिने आईबाप फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो तिथे लग्न म्हणजे नवी उचल. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यामागेही खाड्याची धास्ती, फडावर संडास-पाण्याची वानवा आणि खासगी दवाखान्यांचा धंदा होता. जे परंपरा म्हणून खपवलं जातं, त्यातलं पुष्कळसं मजुरीच्या करारात लिहिलेलं असतं.

दुसरा खड्डा याच्या बरोबर उलट. संस्कृतीचा आदर करायचा म्हणून समाजातल्या बळवंतांचा शब्द सगळ्या समाजाचा शब्द मानायचा. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं आणि कार्यकर्ता ‘हा त्यांचा अंतर्गत मामला’ म्हणून गप्प बसला, तर त्याने पंचांची बाजू घेतलेली असते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये केला, तो २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण कायदा हातात धरून वस्तीत जाणाऱ्याला हेही कळायला हवं की तक्रार करणारी बाई संध्याकाळी त्याच वस्तीत परतणार आहे. तिच्यासोबत कोण उभं राहील, ती कुठे राहील, तिचं पोट कसं भरेल, हे आधी ठरवावं लागतं. समाजाच्या आत जे दबलेले आहेत त्यांच्या बाजूने उभं राहणं आणि बाहेरून तुच्छतेने न पाहणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणं हे या कामातलं खरं कसब.

आजच हे पुस्तक का? कारण कागद वाढले आहेत आणि माणसं अधिक हलू लागली आहेत. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचा बाप-आजा दर महिन्याला गाव बदलत होता, त्यांना आपण विचारतो की त्या दिवशी तुम्ही कुठे राहत होता. रेशन आणि अनुदान अंगठ्याच्या ठशावर आलं, आणि कोयत्याने, दगडफोडीने झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू येत नाहीत. शाळा जूनमध्ये भरते, गाळप हंगाम दिवाळीपासून चैत्रापर्यंत चालतो. स्थलांतरित मुलांसाठी साखरशाळा झाल्या, गावी हंगामी वसतिगृहं झाली, शिक्षण हमी कार्ड आलं, तरी मूल कोणत्या पटावर हा घोळ संपत नाही. घरात गोरमाटी किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाला तर मराठी शाळासुद्धा परकीच. त्यात २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. कोण कुठे मोजला जाईल, कुणाच्या तोंडून मोजला जाईल, याचा परिणाम पुढची कित्येक वर्षं टिकेल.

या संग्रहातले लेखक दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत काम करणारे आहेत. काही संस्थांत आहेत, काही शाळेत किंवा सरकारी सेवेत, आणि काही ज्या समाजांविषयी लिहितात त्याच समाजांतले आहेत. त्यांची मतं एक नाहीत, आणि संपादकांनी ती एक करायचा खटाटोप केलेला नाही. कुणी संघटनेवर भर देतं, कुणी सेवेवर. कुणाला सरकारी यंत्रणेत शिरून काम करावंसं वाटतं, कुणाचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. समान गोष्ट एकच : प्रत्येकाने आपल्या कामात संस्थेचा कोणता नियम आड आला आणि तो बदलला गेला की नाही, हे लिहिलं आहे. जिथे तो बदलला नाही, तिथे तसं लिहिलं आहे. जाती-जमातींचा परिचय देणारा कोश म्हणून हे पुस्तक कुणी उघडलं तर निराशा होईल. तशी माहिती इथे कामाच्या ओघात येते तेवढीच.

वाचकांपैकी विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. एखादा लेख वाचून झाला की त्यातल्या माणसांविषयी टिपण काढण्याआधी आपल्या संस्थेचा प्रवेश अर्ज, शिबिराचं वेळापत्रक किंवा सर्व्हेचा फॉर्म समोर घ्यावा. त्यातला कोणता रकाना पालावरच्या बाईला भरता येणार नाही, कोणती वेळ कोयत्याला जमणार नाही, कोणता प्रश्न कलाकेंद्रातल्या मुलाला मान खाली घालायला लावेल, ते लाल पेनाने खुणावं आणि संस्थाप्रमुखांसमोर ठेवावं. संस्थाप्रमुखांनीही तो कागद ‘वरून आलेला आहे’ म्हणून बाजूला सारू नये, कारण वर बसलेल्यांनाही कुणीतरी हे सांगावंच लागतं. कार्यकर्त्याचा गोड स्वभाव त्याच्या बदलीबरोबर निघून जातो, बदललेला नियम मागे राहतो आणि पुढच्या हंगामात येणाऱ्या टोळीलाही उपयोगी पडतो.